बीडीएस कुठून करावं? केजच्या एका मुलीच्या प्रवेशाचं प्रकरण

मुलगी केज तालुक्यातली. अकरावी-बारावी लातूरला, नीटचा पहिलाच प्रयत्न. वडिलांची चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, जोडीला केजात शेती औषधांचं छोटं दुकान. आई अंगणवाडी सेविका. प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. वर्ष २०२४. त्या वर्षी ४ जूनला नीटचा निकाल लागला तेव्हा देशभरात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण दिसत होते. पुढे न्यायालय, फेरनिकाल सगळं झालं, पण गुण फुगायचे ते फुगलेच. आदल्या वर्षी ज्या गुणांवर घरात पेढे वाटले असते, त्या गुणांवर एमबीबीएस हातचं गेलं आणि शासकीय बीडीएससुद्धा, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी, काठावर आलं.

मी अंबाजोगाईत दातांचा दवाखाना चालवते. प्रवेशाचे दिवस आले की ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली कुटुंबं फाइल घेऊन येतात. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण, त्यात आपल्या भागातल्या बहुतेक घरांपुढचे सगळे पेच एकाच वेळी आले होते आणि मुलीनं शेवटी जो विचार केला तो मला फार मोलाचा वाटतो. मुलीची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात काय चाललं होतं

वडिलांच्या डोक्यात पुणे होतं. पुण्याजवळच्या एका अभिमत विद्यापीठाचं माहितीपत्रक त्यांनी लॅमिनेट करून आणलं होतं. म्हणाले, "मॅडम, पोरगी पुण्यात शिकली की ओळखी होतात, पुढं तिथंच जम बसतो. फी जास्तय, पण रानाचा एक तुकडा काढू." आई गप्प होती. मामा लातूरचे, त्यांचं म्हणणं एकच: अजून एक वर्ष क्लास लावा, एमबीबीएस होऊन जाईल. शिवाय मामांच्या कुणी ओळखीच्यानं सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या एका कॉलेजची सीट 'करून देतो' म्हणून सांगितलं होतं. उदगीरकडच्या लोकांना बिदर-कलबुर्गी काही परकं नाही, त्यामुळे ही बोलणी दरवर्षी निघतात.

मामांचा हिशोब जुन्या माहितीवर उभा होता. "आपल्याला मराठवाड्याचा कोटा आहे ना, सत्तर टक्के?" हे त्यांनी दोनदा विचारलं. ७०:३० चं प्रादेशिक आरक्षण २०२० मध्ये रद्द झालं. आता राज्याच्या कोट्यात बीडचा विद्यार्थी आणि मुंबईचा विद्यार्थी एकाच गुणवत्ता यादीत असतात. ज्यांच्या घरात शेवटचा प्रवेश दहा वर्षांपूर्वी झाला, त्यांच्या सल्ल्यात हा जुना कोटा अजून जिवंत आहे आणि त्यावर विसंबून पोरं पसंतीक्रम चुकवतात. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका हाच एक आधार धरा. काकांचा अनुभव नको, क्लासवाल्यांचा व्हॉट्सअॅप मेसेजही नको.

एजंटच्या सीटचा विषय मी लगेच संपवला. प्रवेश नीटच्या गुणांवर आणि अधिकृत फेऱ्यांमधून होतो. मधला माणूस पैसे मागतोय याचा अर्थ एक तर तो मॅनेजमेंट कोट्याची सीट विकतोय, नाही तर फसवतोय. आणि बाहेरच्या राज्यातून बीडीएस केलं तर पुढे एमडीएसला, म्हणजे दातांच्या पदव्युत्तर शिक्षणाला, महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात आपण कुठे बसतो, हा प्रश्न आज, पहिल्या प्रवेशाच्या वेळीच विचारायचा असतो. पाच वर्षांनी विचारून उपयोग नाही.

पुन्हा एक वर्ष लातूरला बसायचं का, यावर मी मुलीला एवढंच विचारलं, की तुला एमबीबीएस हवंय की डॉक्टर ही पाटी हवीय? तिनं फार वेळ न घेता सांगितलं, "मला तोंडाचंच काम करायचंय." मग रिपीटचा विषय मी तरी पुन्हा काढला नाही.

ती असं का म्हणाली

तिचे धाकटे चुलते ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होते. दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या, ते कारखान्यावर जायचे, रात्रीची जागरणं आणि गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पुड्या मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. आधी तिखट झोंबायला लागलं. मग भाकरीचा घास मोठा घेता येईना. तोंड नीट उघडत असेल तर माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. चुलत्यांची दोन जात होती, मग एक. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली कातडी आवळत जाते, पांढरी, ताठ होते. ही अवस्था कर्करोगाच्या आधीची समजतात आणि प्रत्येकाला पुढे कर्करोग होतोच असं नाही. यांना झाला. गालातली जखम भरेना म्हणून छत्रपती संभाजीनगरला गेले, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. जबड्याचा भाग काढला. माणूस वाचला.

मुलगी त्या वेळी नववीत होती. म्हणून तिचं ध्येय ठरलेलं होतं: ओरल सर्जन.

मी ते ध्येय लगेच वहीत लिहून घेतलं नाही. अठराव्या वर्षी पोरं ज्या शाखेचं नाव घेतात ती बहुतेक वेळा त्यांनी पाहिलेली एकमेव शाखा असते. ओरल सर्जन व्हायचं तर बीडीएसची चार वर्षं, एक वर्षाची इंटर्नशिप, मग नीट-एमडीएस, मग तीन वर्षांचं एमडीएस. आठ वर्षं सरळ गेली तर. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत, त्यातल्या ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं), कॉन्झर्वेटिव्ह (दात भरणं, रूट कॅनॉल), प्रोस्थो (कवळ्या, कॅप) आणि सर्जरीला रँक चांगलाच वरचा लागतो. मी तिला म्हटलं, कागद नंतर भरू, आधी माझ्या दवाखान्यात येऊन बस. स्टुलावर बसायचं, बोलायचं नाही, बघायचं.

तिनं काय पाहिलं ते तिनं वहीत लिहिलं होतं, ती पानं मी वाचली. दात काढण्याबद्दल दोन ओळी. बाकी सगळं माणसांबद्दल. कुणी किती महिने दुखणं अंगावर काढलं. कोण दुखऱ्या दातावर लवंगेचं तेल, मग तंबाखूच दाबत होतं. एक आजी मिश्री घासायच्या, खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता आणि त्या दाढ हलते म्हणून आल्या होत्या. चट्ट्याबद्दल त्यांना काही तक्रारच नव्हती. मी आरशानं ओठ बाजूला करून तो दाखवला तेव्हा मुलगी स्टुलावरून उठून जवळ आली. संध्याकाळी तिची आई तिला न्यायला आली आणि म्हणाली, "ताई, माझ्या अंगणवाडीतल्या निम्म्या आयांची मिश्री आहे. बाळंतपणातही सुटत नाही."

आठवड्याच्या शेवटी मुलगी म्हणाली, "मॅडम, सर्जन तर शेवटी लागतो. काकांचं तोंड आधी कुणी उघडून बघितलंच नाही."

सगळं प्रकरण इथून फिरलं. तिला हवं होतं ते ऑपरेशन थिएटर नव्हतं. तिला केजमध्ये दवाखाना हवा होता, असा की जिथं दाढेसाठी आलेल्या माणसाचं सगळं तोंड पाहिलं जाईल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात असं आढळलं होतं. म्हणजे माझ्या बाकावर चार माणसं बसली असतील तर त्यात एक. बीडमध्ये हे मला आकडेवारी न बघताही रोज दिसतं.

मग कॉलेज कसं निवडायचं

घरातल्या सगळ्यांचा प्रश्न होता, "कोणतं कॉलेज चांगलं?" या प्रश्नाला उत्तर नाही. मी मुलीला विचारलं, इंटर्नशिप संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी तू कुठे असशील? सहाव्या वर्षाचा हा सोमवार ठरला की कॉलेजबद्दल काय विचारायचं ते आपोआप ठरतं.

त्या सोमवारी तू नीट-एमडीएसच्या अभ्यासाला बसलेली असशील, तर कॉलेजात पीजीच्या, म्हणजे एमडीएसच्या, शाखा असणं, त्यांची सेमिनार, जर्नल क्लब, चांगलं ग्रंथालय याचा फायदा होतो. विषय जवळून दिसतात, सिनियर पोरं अभ्यासाची दिशा देतात. पण परीक्षा देशभर एकच आहे, २४० प्रश्न, तीन तास, आणि पेपर तपासताना कॉलेजचं नाव कुणी बघत नाही. शासकीय नोकरी किंवा शासकीय दंत महाविद्यालयात शिकवण्याचं मनात असेल तर एमपीएससीच्या जाहिराती, त्यातली पात्रता, एमडीएसची अट हे आजच वाचून ठेवायचं. परदेशात जायचं असेल तर तो वेगळाच रस्ता आहे, तिथल्या परीक्षा, काही ठिकाणी पुन्हा दोन-तीन वर्षांचं शिक्षण आणि मोठा पैसा. त्यासाठी इथल्या फीत पैसा संपवणं हे उलटं काम.

पण त्या सोमवारी तू स्वतःच्या दवाखान्यात, एकटी, समोर पेशंट आणि मागे कुणी सर नाहीत अशी उभी असशील, तर एकच गोष्ट पाहायची: पाच वर्षांत तुझ्या हातांतून किती काम जाणार आहे.

हे माहितीपत्रकात नसतं. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचे असतात, दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर, म्हणजे पुतळ्याच्या जबड्यावर, खड्डे करून भरायचे आणि कवळीचे दात बसवायचे असतात. हे सगळीकडे सारखंच. फरक पडतो तिसऱ्या वर्षापासून, विभागांमध्ये पोस्टिंग सुरू झाल्यावर. प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक केसेस पूर्ण कराव्या लागतात: इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या. ओपीडीत पेशंटच नसतील तर विद्यार्थी पेशंट शोधत हिंडतो. मेसच्या काकूंना, रिक्षावाल्याला, गावाकडच्या आत्याला बसभाडं देऊन आणतो. असा कोटा पूर्ण केलेला विद्यार्थी पास होतो. त्याच्या हाताला वळण लागत नाही.

दुसरी गोष्ट, जी फार कमी पालकांना ठाऊक असते. जिथं पीजी आहेत तिथं अवघड आणि शिकण्यासारखी केस आधी पीजीकडे जाते. आडव्या अक्कलदाढेची शस्त्रक्रिया पीजी करतो, बीडीएसचा विद्यार्थी सक्शन धरून उभा राहतो. बघून शिकतो हे खरं, पण करून शिकत नाही. म्हणून "पीजी असलेलं कॉलेज मोठं" हे एमडीएसचं ध्येय असणाऱ्यासाठी खरं आहे. पाचव्या वर्षानंतर थेट दवाखाना टाकणाऱ्यासाठी ते पेशंटच्या संख्येवर अवलंबून आहे. पेशंट रग्गड असतील तर पीजींना पुरून उरतात, कमी असतील तर इंटर्नच्या वाट्याला स्केलिंगच, म्हणजे दातांची सफाईच, येतं.

प्रत्यक्ष बघून आलो

मी आग्रह धरला की पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजं बघून यायची, तीही सुट्टीच्या दिवशी नाही आणि प्रिन्सिपलच्या केबिनमधून नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, केसपेपरच्या खिडकीपाशी. काही ठिकाणी मी सोबत गेले.

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय घाटी रुग्णालयाच्या परिसरात आहे. तिथं खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत आलेली. वैजापूर, कन्नड, जालना, एक कुटुंब पार बुलढाण्याकडून. इमारत काही चकचकीत नाही, खुर्च्या वापरून झिजलेल्या. दात काढायच्या विभागात एक इंटर्न मुलगी एका शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून भुलीच्या इंजेक्शनचा परिणाम व्हायची वाट बघत होती. ओठ जड झाला का, जीभ मुंग्यावली का, हे ती मराठीत, त्याच्याच बोलीत विचारत होती. मग प्रोबनं हिरडीला टोचून खात्री केली आणि फोर्सेप उचलला. शेजारी सर उभे होते, पण त्यांचे हात मागे होते. वडील हे बघून म्हणाले, "ही तर आपल्याच पोरींसारखीय." ते लॅमिनेट केलेलं पत्रक त्या दिवसानंतर मला दिसलं नाही.

एका खासगी कॉलेजची इमारत सगळ्यात देखणी होती. काचेचा दर्शनी भाग, कारंजं. वर एका विभागात सकाळी साडेदहाला खुर्च्यांच्या ओळीतल्या निम्म्या खुर्च्यांवर प्लास्टिकची आवरणं होती. पालकांना कारंजं दाखवलं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आणखी एक खासगी कॉलेज होतं, लहान, शहराच्या बाहेर. तिथं मी फारशा अपेक्षेनं गेले नव्हते. पण कॉलेजची स्वतःची बस रोज सकाळी ठरलेल्या गावांना जाते, पेशंट भरून आणते, दुपारी सोडून येते. शिबिरं घेतात, आणि शिबिरात सापडलेला पेशंट उपचार पूर्ण होईपर्यंत बसनं येत राहतो. तिथल्या एका इंटर्नला मुलीनं बाजूला घेऊन विचारलं, दादा, तुम्ही स्वतः किती रूट कॅनॉल केले? त्यानं आपली केसबुक उघडून दाखवली. आकड्यापेक्षा मला त्यातल्या नोंदी आवडल्या: पेशंट पुन्हा कधी आला, दुखणं गेलं का, कॅप बसली का. ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाचे आजार तपासण्याच्या, विभागात तोंड किती उघडतं ते मोजून प्रत्येक केसपेपरवर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं होतं. मुलीनं तो कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ वाचला.

पैशाचं गणित

इथं एक गोष्ट या कुटुंबाच्या बाजूनं आली. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला की ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी ती निम्मी होती. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा यात नाही. अभिमत विद्यापीठंही नाहीत.

म्हणजे पुण्याजवळच्या त्या विद्यापीठात पूर्ण फी, आणि मराठवाड्यातल्या कॅपमधल्या खासगी कॉलेजात ट्यूशन फी शून्य. एकाच मुलीसाठी. वडिलांना हे कळायला दोन वेळा सांगावं लागलं, कारण त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं की खासगी म्हणजे पैसे.

माफी म्हणजे सगळं फुकट नव्हे. होस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी, उपकरणांचा संच, अॅप्रन, एअरोटर हँडपीस हे खर्च घरचेच. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज वेळेत भरायचा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र हातात असायला हवं. पडताळणीसाठी बीडच्या चकरा बारावीतच संपवून टाका, निकालानंतर ती गर्दी झेपत नाही. आणि इंटर्नशिपचं विद्यावेतन किती मिळतं, खरंच मिळतं का, हे कॉलेजला न विचारता तिथल्या इंटर्नला विचारा.

रान विकायच्या मुद्द्यावर मी जरा आवाज चढवून बोलले, आणि आजही तेच बोलेन. तालुक्याच्या गावी दात काढायचे काहीशे रुपये मिळतात. खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे मशीन, त्याची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी, जागेचं डिपॉझिट, एवढं उभं करायलाच पुन्हा लाखो रुपये लागतात. त्यावर शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आला की डॉक्टरचा हात कुठे वळतो हे मी माझ्या व्यवसायात पाहिलं आहे. भरून वाचणाऱ्या दाढेला रूट कॅनॉल सांगितलं जातं, दातावर कॅप गरज नसताना बसते. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीला मिश्रीवाल्या आजीच्या ओठाचा चट्टा बघायला वेळ काढायचा आहे, तिच्या डोक्यावर हप्ता असता कामा नये. त्या चट्ट्याची तपासणी कुठल्याच फीमध्ये बसत नाही. ती फावल्या दहा मिनिटांत होते, आणि हप्ता ती दहा मिनिटंच खातो.

पसंतीक्रम

राज्याच्या यादीत पहिलं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय. पेशंट, घाटीचा शेजार, घरापासून एका दिवसात येणं-जाणं. मुंबई आणि नागपूरची शासकीय महाविद्यालयं त्यानंतर. इथं मामांचा विरोध होता, "मुंबईचं नाव मोठं." नाव मोठं आहेच. पण मुलीला ज्या माणसांवर उपचार करायचे आहेत ती माणसं, त्यांची बोली, त्यांची दुखणी संभाजीनगरच्या रांगेत उभी आहेत. किनवटकडच्या फ्लोराइडच्या पाण्यानं तपकिरी झालेले दात, तंबाखूचे गाल, ऊसतोडीहून सहा महिन्यांनी परतलेलं आणि तोवर दुखणं दाबून ठेवलेलं कुटुंब. ती तिथं लवकर शिकेल.

चौथ्या क्रमांकावर ते बसवालं लहान कॉलेज. कारंजंवालं त्याच्या खाली. वडिलांना खासगीमध्ये हा क्रम उलटा हवा होता. मुलीनं त्यांना त्या इंटर्नची केसबुक आठवून दिली.

पसंती खरी जशी आहे तशीच भरायची, हे पुन्हा सांगते. "वरचं मिळणार नाही, कशाला टाकायचं" म्हणून हवं असलेलं कॉलेज खाली ढकलणारी पोरं दरवर्षी दिसतात. वाटप गुणवत्ता आणि तुमचा क्रम यावर होतं. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा पुढच्या पसंतीकडे जाते, त्याची काही शिक्षा नसते.

पहिल्या फेरीत तिला बसवालं कॉलेज मिळालं. तिनं प्रवेश घेतला, पण स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला नाही, कारण तो भरला की पुढच्या फेरीत वर सरकण्याची संधी संपते. घरात यावर दोन दिवस घालमेल होती. मिळालेलं हातचं जाईल अशी आईला भीती. बेटरमेंट मिळालं तरच जुनी जागा जाते, आणि मिळेल ती तुमच्या यादीतली वरचीच असते, हे समजल्यावर आईची भीती गेली. पुढच्या फेऱ्यांत संभाजीनगरचं शासकीय थोडक्यात हुकलं. ती आहे तिथंच राहिली.

आज काय स्थिती आहे

ती आता दुसऱ्या वर्षात आहे. महाडीबीटीचा पैसा कॉलेजला उशिरा पोहोचतो, त्यावरून पहिल्या वर्षी कार्यालयातून फोन आला होता. वडील निर्णयाची प्रत घेऊन गेले आणि मिटलं. कॉलेजची इंग्रजी व्याख्यानं तिला सुरुवातीला जड गेली. लातूरला बायोलॉजी इंग्रजीतूनच झालं होतं, पण तिथं पर्याय निवडायचे असतात. इथं पानंच्या पानं लिहावी लागतात आणि तोंडी परीक्षेत बोलावं लागतं. त्यावर तिनं स्वतः उपाय काढला, वरच्या वर्गातल्या एका परभणीच्या मुलीबरोबर रोज संध्याकाळी एक प्रश्न मोठ्यानं बोलायचा.

एमडीएसचं दार तिनं बंद केलेलं नाही. ओरल मेडिसिन किंवा पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री तिला खुणावतं. या शाखांना रँकची चढाओढ तुलनेनं कमी असते, आणि तिच्या कामाशी त्या थेट जोडलेल्या आहेत. २०२३ च्या नॅशनल डेंटल कमिशन कायद्यात बीडीएसच्या अखेरीस देशभर एकच 'नेक्स्ट' परीक्षा घेण्याची तरतूद आहे, नोंदणी आणि एमडीएस प्रवेश दोन्हीसाठी. म्हणून मी तिला सांगितलंय की दुसऱ्या वर्षाचं फार्माकॉलॉजी आणि डेंटल मटेरियल्स पास होण्यापुरतं वाचू नकोस, नोट्स जपून ठेव.

वडिलांचं पुणे पूर्ण सुटलेलं नाही. लग्नाच्या बोलण्यात ते अजून निघतं, आणि त्याचं उत्तर कॉलेजच्या निवडीत सापडणार नाही, ते घरातच सोडवावं लागेल. मुलीनं मात्र यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आईच्या अंगणवाडीत आयांची बैठक घेतली. तपासणी तिनं केली नाही, तो अधिकार तिला अजून नाही, आणि हे तिला मी सांगायची गरज पडली नाही. तोंडाचा आरसा कसा धरायचा, ओठ आतून कसा बघायचा, चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर कुठे जायचं, एवढं तिनं सांगितलं. त्यातल्या दोन जणी नंतर माझ्याकडे येऊन गेल्या. एकीची बायोप्सी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली, अहवाल साधा आला, आणि तिची मिश्री सोडवण्याचं काम सध्या चालू आहे.

पुढच्या वर्षी मुलीची विभागांतली पोस्टिंग सुरू होतील. तिच्या केसबुकात काय भरतंय ते दर सुट्टीत बघायचं असं आमचं ठरलं आहे. बसनं पेशंट येणं बंद झालं, किंवा तिच्या वाट्याला नुसतं स्केलिंग येऊ लागलं, तर इंटर्नशिपसाठी दुसरीकडे बदली मिळते का, त्याचे विद्यापीठाचे नियम काय, हे तिला आताच वाचायला लावलं आहे.